जबलपूरच्या आलेखापर्यंत : हवामान विभागातील भूकंपनोंदीची वाटचाल

भारतीय हवामानशास्त्र विभाग म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पाऊस उभा राहतो. १८७५ साली स्थापन झालेल्या या खात्याच्या दीडशे वर्षांच्या कारभारात मान्सूनचा वाटा सर्वांत मोठा आहे आणि तो तसा असणारच. पण याच खात्याने शंभराहून अधिक वर्षे आणखी एक काम सांभाळले. त्याचा अंदाज कधी देता आला नाही, आणि त्याची नोंद मात्र एक दिवसही चुकवून चालले नाही. ते काम भूकंपाचे. २०१४ साली राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र वेगळे झाले आणि हा कारभार त्या केंद्राकडे गेला. तेव्हा खात्याच्या स्मरणिकेत त्याची हकिगत नीट लिहून ठेवणे हे आपलेच काम आहे.

ही हकिगत मी जबलपूरभोवती गुंफली आहे. जबलपूर हे काही खात्याच्या भूकंपनोंदीचे मुख्यालय नव्हते, की तिथला भूकंप देशातला सर्वांत मोठाही नव्हता. पण २२ मे १९९७ च्या पहाटे नर्मदेकाठी जमीन हलली, तेव्हा कोयना आणि किल्लारी या दोन मराठी गावांनी मोजलेली किंमत तिसऱ्या शहराच्या समजुतीसाठी कामी आली. आपल्या संस्थेचा इतिहास मला या एका धाग्यात दिसतो : ज्या गावावर घाला पडला त्याला आपण वाचवू शकलो नाही, पण त्याच्या ढिगाऱ्याखालून जे ज्ञान वर आले ते पुढच्या गावापर्यंत पोचवण्याची सोय करत गेलो. ही सोय कुठे पुरी पडली आणि कुठे तोकडी, हेही सांगायला हवे.

सुरुवात आसामातून होते. १२ जून १८९७ च्या प्रचंड भूकंपाने शिलाँगचे पठार आणि आसपासचा मुलूख उद्ध्वस्त केला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा जो अहवाल १८९९ साली प्रसिद्ध केला, तो आजही भूकंपशास्त्राच्या पायाभूत ग्रंथांत मोडतो. दूरदूरच्या यंत्रांवर उमटलेल्या नोंदी ताडून पाहताना ओल्डहॅमना दिसले, की एकाच भूकंपाच्या लहरी तीन निरनिराळ्या वेगांनी येऊन पोचतात : आधी दाबाच्या, मग आडव्या हेलकाव्याच्या आणि शेवटी पृष्ठभागावरून सरकणाऱ्या. पुढे १९०६ साली याच वाटेने जाऊन त्यांनी पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. आसामच्या या धक्क्याने सरकारही जागे झाले. डिसेंबर १८९८ मध्ये कलकत्त्याच्या अलीपूर वेधशाळेत देशातले पहिले भूकंपलेखक यंत्र बसले, आणि लगोलग मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत व कोडाईकनालला. ही तिन्ही यंत्रे जॉन मिल्न यांच्या धाटणीची होती. त्यांची पकड आजच्या मानाने फारच कमी होती, दोलकाला आवर नव्हता, तरी देशाच्या तीन टोकांना एकाच घड्याळाच्या हिशेबाने जमिनीची हालचाल लिहिली जाऊ लागली, ही गोष्ट मोठी होती.

कुलाब्याबद्दल दोन शब्द. १८२६ साली उभ्या राहिलेल्या या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हणून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी त्यांच्या काळात, १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली, आणि नोंदींची साखळी तुटली नाही. नोंद अखंड हवी, यंत्र बदलले, जागा बदलली तरी धागा तुटता कामा नये, हा वेधशाळांचा धर्म आपल्या खात्यात कुलाब्याहून आला, असे मी मानतो. भूकंपाच्या कामात तर त्याची कसोटी फारच कडक. पाऊस दरवर्षी येतो. एखाद्या जिल्ह्यात मोठा भूकंप शंभर वर्षांत एकदा येईल किंवा येणारही नाही, पण यंत्र त्या दिवशी बंद असून चालत नाही.

नोंदींच्या जोडीला नकाशेही आले. बिहारच्या १९३४ च्या भूकंपानंतर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९३५ मध्ये देशाचा पहिला धोका-नकाशा काढला. १९५६ साली आपल्या खात्याचे ए. एन. टंडन यांनी नवा नकाशा मांडला. १९६२ मध्ये भारतीय मानक संस्थेने भूकंपरोधक बांधकामाची संहिता काढली, तिलाही असाच एक नकाशा जोडलेला होता. त्यात द्वीपकल्पाचा बराचसा भाग शून्य क्रमांकाच्या पट्ट्यात होता. दख्खनचे पठार म्हणजे पुराणा, थिजलेला, निश्चल खडक, हिमालयाच्या पायथ्याशी काय व्हायचे ते होवो, इथे काही होत नाही, ही समजूत त्या वेळी अगदी पक्की होती. आमच्या शालेय पुस्तकांतूनही ती शिकवली गेली.

नर्मदेचा पट्टा तरीही अधूनमधून निराळे सांगत होता. टॉमस ओल्डहॅम यांनी जमवलेल्या आणि मुलगा रिचर्ड यांनी १८८३ मध्ये छापून काढलेल्या भारतीय भूकंपांच्या यादीत १८४६ च्या मे महिन्यातल्या जबलपूर परिसरातल्या धक्क्याची नोंद आहे. १९२७ मध्ये सोन खोऱ्यात मोठा भूकंप झाला. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात झालेला भूकंप ६.३ तीव्रतेचा होता, आणि तो सुमारे ४० किलोमीटर खोल असल्याचे त्या काळच्या आलेखांवरून काढले गेले. १९५७ मध्ये बालाघाट हलले, १९७० मध्ये नर्मदेच्या मुखाशी भरूच. नकाशावर हे ठिपके जोडले तर पश्चिम किनाऱ्यापासून सोन नदीपर्यंत एक सरळ रेघ होते. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त झाल्यावर सागर विद्यापीठात भूविज्ञान विभाग उभा करणारे डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९६२ मध्ये नेमका याच रेषेवर लेख लिहिला. नर्मदा आणि सोन या नद्या जिथून वाहतात तो पृथ्वीच्या कवचातला फार जुना सांधा आहे आणि तो पुन:पुन्हा हलला आहे, असा त्यांचा रोख होता. पुढे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने नर्मदा-सोन-तापी पट्ट्याचा स्वतंत्र प्रकल्प हाती घेतला, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने सुरुंगाचे स्फोट घडवून कवचाच्या खोल थरांचे छेद काढले. त्यातला एक छेद हिरापूरहून जबलपूरच्या बाजूने मंडल्यापर्यंत गेला, दुसरा खजुरियाकलांपासून आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावपर्यंत. त्यांतून या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचे प्रस्तरभंग कवचात किती खोल उतरतात याचा अंदाज आला. हे सगळे १९९७ च्या आधीचे. धोका अगदीच अज्ञात होता असे नाही. नकाशात जबलपूर तिसऱ्या पट्ट्यात होतेच.

आता पुण्याकडे वळू. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले आणि पुढे दिल्लीला गेले, तरी शिवाजीनगरचे ते आवार लोकांच्या तोंडी ‘सिमला ऑफिस’च राहिले. १९६० नंतर अमेरिकेने अणुस्फोटांवर नजर ठेवण्यासाठी जगभर एकसारखी भूकंपयंत्रे दिली, तेव्हा भारतात दिल्ली, शिलाँग, कोडाईकनाल आणि पुणे ही केंद्रे त्या जागतिक जाळ्यात आली. या यंत्रांचे रोजचे काम कसे चाले ते तपशिलाने सांगण्याजोगे आहे, कारण आजच्या संगणकावर बसलेल्या पिढीला ते पाहायला मिळालेले नाही.

यंत्रांची खोली अंधारी. लाल मंद दिव्यात निरीक्षक आत जायचा. सहा रुळ फिरत असायचे, प्रत्येकावर छायाचित्राचा कागद गुंडाळलेला. जमीन हलली की दोलक हलणार, त्याच्या गुंडाळीत वीज निर्माण होणार, त्या विजेने आरसा किंचित वळणार आणि आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका कागदावर सरकणार. कमी आवर्तनकाळाच्या रुळावर एका मिनिटाला ६० मिलिमीटर कागद पुढे जाई, म्हणजे एक मिलिमीटर बरोबर एक सेकंद. दर मिनिटाला घड्याळ रेघेवर एक बारीक खूण उमटवी. रोज ठरलेल्या वेळी कागद उतरवायचा, नवा चढवायचा, तारीख-वेळ आणि घड्याळाची चूक लिहायची, मग रसायनात धुऊन सुकवायचा. त्यानंतर मेजावर भिंग आणि पट्टी. दाबाची पहिली लहर कुठे उठली, आडव्या हेलकाव्याची दुसरी कुठे, या दोन खुणांतले अंतर सेकंदांत मोजायचे. जवळच्या भूकंपासाठी ढोबळ हिशेब असा, की या सेकंदांना आठाने गुणले की किलोमीटर निघतात. फरक ३० सेकंदांचा असेल तर भूकंप सुमारे २४० किलोमीटरवर. एका केंद्रावरून दिशा नक्की होत नाही, म्हणून तीन केंद्रांवरून तीन वर्तुळे काढायची आणि ती जिथे छेदतात तिथे बोट ठेवायचे. संगणक आज हेच करतो, अधिक केंद्रे घेऊन आणि पृथ्वीच्या थरांचा अधिक बारीक हिशेब धरून.

या यंत्रांची एक मोठी अडचण होती. दूरचा बारीक भूकंप ती छान टिपत, पण जवळ मोठा भूकंप झाला की प्रकाशाचा ठिपका कागदाबाहेर फेकला जाई. नेमके जिथे सर्वांत जास्त शिकायचे असते, तिथेच आलेख फिकट होऊन नाहीसा व्हायचा.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयना हलली. शिवसागर जलाशय १९६२ पासून भरत होता, आणि पाणी वाढू लागल्यावर त्या भागात बारीक हादरे सुरू झाल्याने १९६३ पासून तिथे भूकंपयंत्रे बसवलेली होती. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचे गुहा आणि त्यांचे सहकारी त्या हादऱ्यांचा अभ्यास करत होते. तरीही मुख्य धक्क्याने कोयनानगर कोसळले आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. धरणाच्या आतल्या बोळात ठेवलेल्या प्रवेगमापकाने जमिनीचा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट इतका नोंदवला. त्या नोंदीवर जगभरच्या धरण-अभियंत्यांनी पुढची कित्येक वर्षे गणिते केली. १९७० मध्ये नकाशा बदलला, शून्य क्रमांकाचा पट्टा रद्द झाला, कोयना चौथ्या पट्ट्यात गेली. जलाशयाच्या पाण्याने भूकंप चेतवला जाऊ शकतो, हा विषय हर्ष गुप्ता आणि इतरांच्या कामाने कोयनेच्या नावावर जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेला. आज कऱ्हाडच्या प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली याच भागात तीन किलोमीटर खोल विंधन करून खडकाच्या आतला ताण मोजण्याचे काम चालू आहे. पहाट आणि ४:२१ ही वेळ मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावी.

कोयनेनंतर लोकांनी असा निष्कर्ष काढला, की धरण आहे तिथे धोका आहे, बाकी दख्खन सुरक्षित. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्री, किल्लारी आणि सास्तूर यांसारख्या गावांनी तो निष्कर्ष पुसून टाकला. भूकंप ६.२ तीव्रतेचा, नाभी, म्हणजे खडक जिथे तुटतो ती जागा, अगदी उथळ, नकाशात त्या गावांचा पट्टा पहिला, म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा. मातीच्या गिलाव्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यावर मातीचे जड माळवद. आठ ते दहा हजार माणसे माळवदाखाली गेली. शास्त्रीय बाजूने पाहिले तर आणखी एक उणीव उघडी पडली : मुख्य धक्क्याची जमिनीच्या प्रवेगाची नोंद त्या भागात कुठेच झाली नाही. इतक्या मोठ्या दु:खातून इंजिनिअरांना वापरता येईल असा एकही आकडा हाती आला नाही.

ही खंत खात्याने मनावर घेतली. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा जो मोठा कार्यक्रम झाला, त्याच्याबरोबर द्वीपकल्पातील भूकंपयंत्रणेचे नूतनीकरण झाले. भोपाळ, बिलासपूर, पुणे, कऱ्हाड, भुज, अजमेर, बोकारो, विशाखापट्टणम, चेन्नई, तिरुवनंतपुरम अशा दहा वेधशाळांत ब्रॉडबँड यंत्रे बसली. छायाचित्राचा कागद गेला, २४ बिटांची डिजिटल नोंद आली. म्हणजे अगदी बारीक थरथरीपासून मोठ्या धक्क्यापर्यंतची हालचाल दीड कोटीहून अधिक पायऱ्यांत लिहिता येऊ लागली. जवळचा भूकंप झाला तरी आलेख कागदाबाहेर जाण्याचे कारण उरले नाही. आणि प्रत्येक केंद्राला उपग्रहावरून अचूक वेळ मिळू लागली.

हे जाळे उभे राहून फार दिवस झाले नव्हते. २२ मे १९९७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटे. कोयनेचीच वेळ, मिनिटसुद्धा तेच. यात काही गूढ नाही, निव्वळ योगायोग आहे, पण ज्यांनी दोन्ही आलेख हाताळले त्यांच्या मनातून तो जात नाही. जबलपूरच्या आग्नेयेस, कोसमघाट गावाच्या परिसरात केंद्रबिंदू होता. तीव्रता ५.८. चाळीसच्या आसपास माणसे दगावली, हजाराहून अधिक जखमी झाली. मे महिन्याच्या उकाड्यात पुष्कळ कुटुंबे अंगणात आणि गच्चीवर निजलेली होती, हे मोठे भाग्य. जबलपूरच्या या महाकोशल भागातली घरेही निराळी. भिंती माती-विटांच्या असल्या तरी वर कवेलूंचे छप्पर. कवेलू घसरतात, डोकी फुटतात, पण किल्लारीच्या माळवदासारखे टनावारी ओझे माणसाच्या छातीवर बसत नाही.

बिलासपूर आणि भोपाळ ही सर्वांत जवळची नवी केंद्रे अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरच्या टप्प्यात होती. त्यांच्यावर, आणि थेट पुणे-कऱ्हाडपर्यंत, आलेख स्वच्छ उमटले. खात्याचे आर. एस. दत्तात्रयम आणि मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातील श्रीकृष्ण सिंह यांनी सहकाऱ्यांसह या नोंदींवरून जो अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात भूकंपाचे मोजमाप तर होतेच, शिवाय द्वीपकल्पाच्या कवचाची आणि त्याखालच्या आवरणाची रचनाही पहिल्यांदा इतक्या बारकाईने वाचली गेली होती. एका भूकंपाने पेटवलेल्या उजेडात सगळ्या दख्खनचे पोट दिसले, म्हणा ना.

यातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष खोलीचा. भूकंपाची नाभी सुमारे ३५ किलोमीटर खाली होती. हे कसे कळते ते थोडक्यात सांगतो. नाभीतून निघालेल्या लहरींपैकी काही थेट केंद्राकडे येतात, तर काही आधी वर जमिनीला आपटून मग खाली वळतात आणि त्याच वाटेने जातात. ही दुसरी लहर पहिलीमागून काही सेकंदांनी पोचते. नाभी जितकी खोल, तितका वरचा फेरा लांब, तितका उशीर जास्त. जुन्या यंत्रांवर ही दुसरी लहर पहिलीच्या गडबडीत बुडून जाई. ब्रॉडबँड आलेखावर ती वेगळी ओळखू आली.

खोली कळताच बऱ्याच गोष्टी उलगडल्या. जबलपूरच्या वर नर्मदेवर बरगी धरण आहे, आणि कोयनेची आठवण ताजी असल्याने धरणामुळे हे झाले का, असा प्रश्न लगेच विचारला गेला. जलाशयाच्या पाण्याचा दाब वरच्या काही किलोमीटरांत परिणाम करतो, ३५ किलोमीटर खाली त्याचा हात पोचण्याचा संभव अगदी कमी. म्हणून भूकंप चेतवण्याचा आळ बरगीवर ठेवता येत नाही. दुसरे, एवढ्या खोलीवर खडक तापून मऊ झालेला असतो आणि तुटण्याऐवजी वाकतो, अशी सर्वसाधारण समजूत. जबलपूरखाली तो तुटला, म्हणजे तिथल्या कवचाचा तळ थंड आणि ठिसूळ असला पाहिजे. सातपुड्याच्या १९३८ च्या भूकंपाची ४० किलोमीटर खोलीही आता खरी वाटू लागली. तिसरे, आडवे दाबले जाऊन नर्मदेच्या दक्षिणेकडील जुन्या प्रस्तरभंगावर खडकाचा एक भाग दुसऱ्यावर चढला, हे लहरींच्या पहिल्या उसळीच्या दिशेवरून ठरले. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत हिमालयाशी झुंजतो आहे, त्या रेट्याने मध्य भारतातले जुने सांधे आजही दाबले जात आहेत. वेस्ट यांची रेषा जिवंत आहे. आणि चौथे, नाभी खोल असल्याने भूकंपोत्तर धक्के मोजकेच आले, कोयनेसारखी वर्षानुवर्षे चालणारी मालिका इथे झाली नाही.

यंत्रांनी जे सांगितले नाही ते माणसांनी पायी फिरून गोळा केले. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पथकांनी गावोगावी जाऊन प्रश्न विचारले : झोपेतून जाग आली का, फडताळातली भांडी पडली का, भिंतीला भेग आडवी गेली की तिरपी, विहिरीचे पाणी गढूळ झाले का. उत्तरांवरून प्रत्येक गावाला तिथे जाणवलेल्या हादऱ्याच्या तीव्रतेचा वेगळा आकडा दिला जातो आणि समान आकड्यांची गावे जोडून समतीव्रता रेषा काढल्या जातात. कोसमघाटच्या भागाला आठचा आकडा मिळाला. या कामाला मी यंत्रांइतकेच मानतो. भेग तिरपी असेल तर भिंत आपल्याच पातळीत ढकलली गेली, कोपरा उभा उसवला असेल तर दोन भिंती एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या, हे ओळखणारी नजर गवंड्याला पुढच्या घरासाठी सल्ला देऊ शकते. उंबऱ्याच्या, खिडकीच्या आणि छपराच्या पातळीवर भिंतीभोवती सलग पट्टा घातला तर साधे विटांचे घरसुद्धा एकसंध राहते, हे किल्लारीच्या पुनर्वसनात शिकलो होतो. जबलपूरच्या घरांनी ते पुन्हा दाखवले.

शहरातल्या नव्या इमारतींनी मात्र नवी सूचना दिली. आयआयटी कानपूरचे सुधीर जैन, सी. व्ही. आर. मूर्ती आणि सहकारी पाहणीला आले होते. त्यांना दिसले, की सिमेंट-काँक्रीटच्या ज्या बहुमजली इमारतींचा तळमजला गाड्या लावण्यासाठी मोकळा ठेवला होता, त्यांचे खांबच जबर दुखावले. वरच्या मजल्यांत विटांच्या भिंती असल्याने ते कडक, तळाशी भिंती नसल्याने तो मऊ. सगळी हालचाल त्या एका मजल्यात एकवटते आणि खांब मोडतात. १९९७ मध्येच त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केले, जबलपूरचे उदाहरण देऊन. २६ जानेवारी २००१ ला भुजचा भूकंप झाला आणि दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत अगदी अशाच इमारती जमीनदोस्त झाल्या. संहितेत मोकळ्या तळमजल्याच्या खांबांना अडीचपट बळाचा हिशेब धरावा हे कलम २००२ मध्ये आले. पाच वर्षांचा हा उशीर मला अजून टोचतो. शास्त्राने सांगितले होते, नोंद झाली होती, छापून आले होते. ते नगरपालिकेच्या नकाशा-मंजुरीच्या टेबलापर्यंत पोचले नव्हते.

मदन महालाच्या टेकडीवरचा तोललेला खडक जबलपूरचे लोक पाहुण्यांना आवर्जून दाखवतात. एवढासा आधार घेऊन उभा असलेला हा ग्रॅनाइटचा धोंडा १९९७ च्या भूकंपातही पडला नाही. पर्यटकांसाठी ते नवल, पण भूकंपशास्त्रात अशा खडकांना पुराव्याचे मोल आहे. अमेरिकेत जेम्स ब्रून यांनी वाळवंटातले असे डळमळीत खडक मोजून, ते पडण्यासाठी जमीन किती हलावी लागली असती याचा हिशेब मांडला. खडक उभा आहे, म्हणजे तो तसा तोलला गेल्यापासून त्या जागेला तितका धक्का बसलेला नाही. मदन महालाचा खडक आपल्याला आणखी एक सांगतो : टेकडीचा कठीण ग्रॅनाइट फारसा डोलला नाही. तीच लहर नर्मदेच्या गाळात किंवा काळ्या जमिनीत शिरली की मंदावते, फुगते आणि लांब झोके घेते. झोपाळ्याला त्याच्या लयीत ढकलले की तो चढत जातो, तसे जमिनीचा झोका आणि इमारतीचा झोका जुळला तर इमारत भूकंपापेक्षा जास्त हलते.

म्हणून एकाच शहराला एकच धोका-क्रमांक देणे पुरेसे नाही. जबलपूरच्या भूकंपानंतर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने जबलपूर शहराचे सूक्ष्म-विभागीकरण हाती घेतले. देशातले हे अशा प्रकारच्या पहिल्या प्रयोगांपैकी एक. आपले खाते, भूवैज्ञानिक सर्वेक्षण, हैदराबादची भूभौतिकी संस्था, रुरकीची केंद्रीय भवन संशोधन संस्था आणि १९४७ साली सुरू झालेले जबलपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, असे सगळे त्यात एकत्र आले. शहराच्या जागोजागी यंत्रे ठेवून वाहनांच्या आणि वाऱ्याच्या साध्या थरथरीवरूनच जमिनीची स्वत:ची लय मोजली गेली. आडव्या आणि उभ्या हालचालीचे गुणोत्तर काढायची ही रीत जपानी रेल्वेतले युताका नाकामुरा यांची. हातोड्याचे ठोके देऊन वरच्या ३० मीटरांत आडव्या लहरीचा वेग किती, हे पाहिले. विंधणछिद्रांतून माती काढून ती पाण्याने भरल्यावर भूकंपात चिखलासारखी पातळ होईल का, हे तपासले. आणि रस्त्यारस्त्याने घरांची पाहणी करून कोणत्या वस्तीतली बांधणी कच्ची आहे याची नोंद घेतली. या सगळ्याचा अहवाल २००५ मध्ये पुरा झाला. त्यानंतर दिल्ली, गुवाहाटी आणि इतर शहरांच्या कामाला जबलपूरची रीत आधार म्हणून मिळाली.

भूकंप केव्हा होणार, हे आजही कोणी सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण जबलपूरच्या कुठल्या वस्तीत जमीन जास्त डोलेल, कुठला मजला आधी बसेल, हे आता सांगता येते. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचे जाळे आज दीडशेहून अधिक केंद्रांचे झाले आहे, आणि कुठे धक्का बसला तर काही मिनिटांत तीव्रता, खोली आणि ठिकाण जाहीर होते. लाल दिव्याच्या खोलीत भिंग घेऊन बसणाऱ्या निरीक्षकाला जे ठरवायला काही तास लागत, ते आता चहाचा कप संपण्याआधी हाती येते. राहिलेले काम यंत्रांचे नाही. जबलपुरात, आणि तसेच पुण्या-नागपुरात, मोकळ्या तळमजल्यावर उभ्या असलेल्या जुन्या इमारतींचे खांब मजबूत करून घेणे, गावांतल्या नव्या घरांना छपराच्या पातळीवर सलग पट्टा घालायला लावणे, आणि सूक्ष्म-विभागीकरणाचे नकाशे बांधकाम परवान्याच्या कागदपत्रांत सक्तीने बघायला लावणे, हे त्या त्या नगरपालिकेच्या आणि ग्रामपंचायतीच्या हातात आहे. आपल्या खात्याने दिलेला नकाशा त्यांच्या कचेरीत आहे.